तीन दिवसांचा धर्म

गेल्या पौषातील एका रात्रीची हकीकत आहे. येथील एका धर्मादाय संस्थेने उघड्यावर निजणाऱ्या लोकांस ब्लँकेटे वाटण्याचे योजिले होते, आणि तिच्या एका विश्वस्तांशी माझा जुना स्नेह असल्यामुळे मीही त्या मंडळींबरोबर निघालो होतो. मध्यवर्ती बसस्थानकावर आरंभ करून, दसरा चौक ओलांडून, आमची गाडी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या बाहेरच्या भिंतीशी आली, तेव्हा अकरा वाजून गेले होते. भिंतीला टेकून एक वृद्ध गृहस्थ बसले होते. (‘गृहस्थ’ हा शब्द सवयीने लिहून गेलो. ज्यास गृहच नाही त्यास गृहस्थ कसे म्हणावे? परंतु आपली भाषा अशा मनुष्यास एक तर संन्यासी म्हणते, नाही तर भिकारी म्हणते. आणि हा मनुष्य दोहोंपैकी कोणीच नव्हता. कधीकाळी तो उद्यमनगरातील एका फौंड्रीत मोल्डर होता, एवढे त्याने मागाहून सांगितले.) विश्वस्तांनी ब्लँकेट पुढे केले, छायाचित्र घेणारा तरुण एक पाऊल मागे सरून उभा राहिला, आणि म्हातारा हात पुढे न करता म्हणाला, “मालक, आधीची दोन हायत न्हवं. ह्ये आनि ठिवू कुठं?”

मंडळी हसली. “राहू द्या हो आजोबा, थंडी वाढणार आहे अजून,” असे म्हणून विश्वस्तांनी ते त्याच्या मांडीवर ठेविले. छायाचित्र निघाले. आम्ही पुढे गेलो.

आठ दिवसांनी मी मुद्दाम त्या वाटेने गेलो. म्हाताऱ्यापाशी एकच ब्लँकेट उरले होते. एक कोणी नेले होते, आणि एक त्याने स्वतःच विकून टाकिले होते. हे ऐकून आमचे विश्वस्त मित्र खिन्न झाले. “या लोकांना दिलेले टिकत नाही,” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि त्या खरेपणातच आपल्या साऱ्या दानधर्माचा दोष उघडा पडतो. ब्लँकेट टिकावयास खुंटी लागते, पेटी लागते, आणि मनुष्य चहा पिण्यास गेला असता बंद राहील असे एक दार लागते. घरात ठेवावयाच्या जितक्या म्हणून वस्तू आहेत तितक्या आपण बेघरास देतो. ब्लँकेट देतो, स्वेटर देतो, साबणाची वडी देतो, पावसाळ्यात छत्री देतो, संक्रांतीस तिळगूळही देतो. एक घर तेवढे देत नाही; आणि मग वस्तू टिकत नाहीत म्हणून त्याच्या स्वभावास दोष देतो.

या लेखात ‘बेघर’ हा शब्द कोणास लाविला आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण या एका शब्दाखाली आपण भलतेच लोक एकत्र कोंबतो. 2019 सालच्या ऑगस्टात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्या वर मजल नेली, तेव्हा हजारो कुटुंबे बेघर झाली होती. ऊस तोडावयास मराठवाड्याकडून येणारी बैलगाड्यांची वस्ती आणि वीटभट्टीवरच्या खोपी यांतील माणसेही आपल्या लेखी बेघरच. परंतु पूर ओसरतो, हंगाम संपतो, आणि ही माणसे चिखलाने भरलेल्या का होईना, आपल्या घरी परत जातात. मी म्हणतो तो वर्ग निराळा आहे. ज्याचा पूर ओसरत नाही असा तो वर्ग आहे. रुग्णालयातून सुटका झाली पण न्यावयास कोणी आले नाही असे वृद्ध. मन बिघडल्यामुळे घराबाहेर पडलेल्या किंवा घराबाहेर काढलेल्या स्त्रिया. दारूने ज्यांची नोकरी, मग बायको, मग खोली अशा क्रमाने गेली असे पुरुष. अंबाबाईच्या दर्शनास आलेले आणि परतीची वाट विसरलेले. हे लोक दोन-दोन, पाच-पाच, दहा-दहा वर्षे त्याच भिंतीशी, त्याच फलाटावर, त्याच ओवरीत असतात. त्यांचे चेहरे आपणांस ओळखीचे झालेले असतात, आणि ओळखीचे झाल्यामुळेच ते दिसेनासे होतात.

पुराच्या वेळी महाराष्ट्रातून या शहराकडे मदतीचा दुसरा पूर लोटला होता, हे वाचकांस स्मरत असेल. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यांवर पडले होते आणि ते हलवावयास निराळी माणसे लावावी लागली होती. म्हणजे आपल्यापाशी दया नाही असे कोणी म्हणू नये. आकस्मिक संकट पाहून आपले मन द्रवते. तेच संकट रोजचे झाले की आपले मन त्यास निसर्गक्रम समजू लागते, आणि मग वर्षातून एका रात्री ब्लँकेट वाटून त्याची बोळवण करते.

याचे मूळ, माझ्या मते, धर्मशाळेत आहे. धर्मशाळा ही आपल्या समाजाची मोठी थोर संस्था होय, तिची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. श्री गाडगे महाराजांनी फाटके कपडे आणि हातात खापर अशा वेषात हिंडून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे ज्या धर्मशाळा उभ्या केल्या, मुंबईस रुग्णांच्या नातलगांची जी सोय केली, तिच्यासमोर आजच्या कोणत्याही प्रतिष्ठानाने मान खाली घालावी. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली, यावरून इमारत कशासाठी असते याची त्यांची समज किती स्वच्छ होती ते दिसते. परंतु धर्मशाळा ही वाटसरूसाठी असते. तिच्या भिंतीवर मुदतीची पाटी असते. बहुधा तीन दिवसांची. हा नियम वाटसरूच्या बाबतीत अगदी शहाणपणाचा आहे, कारण वाटसरूस पुढे जावयाचे असते. ज्यास कोठेच जावयाचे नाही त्यास तीन दिवसांची मुदत घालण्यात काय अर्थ? आपण मात्र सर्व निराश्रितांस वाटसरू समजूनच दान करीत आलो. अन्नछत्रातील पंगत, थंडीतील ब्लँकेट, रुग्णालयातील आठवडा, या साऱ्यांच्या पोटी एकच गृहीत आहे, की उद्या हा मनुष्य आपल्या घरी जाईल.

कोणी म्हणेल की हा जुना काळ झाला. आता दान शास्त्रशुद्ध झाले आहे, मोठमोठी प्रतिष्ठाने आहेत, कंपन्यांना नफ्याचा हिस्सा समाजकार्यास देण्याची सक्ती आहे. तर मग त्या शास्त्राकडे पाहू. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे असे ठरविले. कोणती कार्ये, याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तीत स्त्रियांची व अनाथांची वसतिगृहे आहेत, वृद्धाश्रम आहेत, आणि ती असावीत हे योग्यच. परंतु चाळीस वर्षांचा, भ्रमिष्ट झालेला, फलाटावर निजणारा पुरुष त्या यादीत नावानिशी कोठेही नाही. त्याच्यासाठी पैसा मागणाऱ्याने ‘दारिद्र्यनिर्मूलन’ या मोठ्या पोत्यात हात घालून त्यास शोधून काढावे लागते. बरे, सापडला, पुढे काय? 2021 च्या नियमदुरुस्तीप्रमाणे चालू राहणाऱ्या कार्यासही आरंभीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांची कमाल मर्यादा आहे. आणि या पैशातून एखाद्या संस्थेची कायम ठेव उभारावी म्हटले तर तीही खर्चात धरली जात नाही. म्हणजे धर्मशाळेची पाटी गेलीच नाही. तीन दिवसांच्या जागी तीन वर्षे झाली, इतकेच.

सरकारची कथा फारशी निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात 2010 च्या जानेवारीत शहरांतून लाख लोकवस्तीमागे एक, चोवीस तास उघडा, असा निवारा असावा असे बजाविले. त्यानंतर 2013 साली केंद्राची योजना निघाली. तीत प्रत्येक माणसास निदान 50 चौरस फूट जागा सांगितली, अंथरूण, पाणी, संडास, स्वयंपाकघर सर्व सांगितले, आणि चालविण्याचा खर्च पाच वर्षांपुरता सांगितला. ज्या अभियानाखाली ही योजना होती त्याची मुदत 2024 साली संपली. 2011 च्या खानेसुमारीत कोल्हापूर शहराची वस्ती 5,49,236 होती. लाखामागे एक या मापाने निदान पाच निवारे त्याच वेळी हवे होते. किती आहेत हे वाचकांनी एखाद्या रात्री स्वतः हिंडून पाहावे; असल्या गोष्टी वाचण्यापेक्षा पाहिलेल्या बऱ्या. याच राज्यात 1959 सालचा भिक्षाप्रतिबंधक कायदाही आहे. त्यान्वये भीक मागणारास वॉरंटावाचून पकडता येते, पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे, आणि पुनःपुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत कोंडता येते. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2018 साली या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य म्हणून काढून टाकली, पण ती दिल्लीपुरती. निवाऱ्यास पाच वर्षे आणि कोठडीस दहा वर्षे, असा हा हिशेब आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. तो असा, की या लोकांस घर देऊन उपयोग नाही. आधी दारू सुटली पाहिजे, आधी डोके ठिकाणावर आले पाहिजे, आधी कामाची सवय लागली पाहिजे, मग घर. हा आक्षेप मी सुशिक्षित कुटुंबांतून शंभर वेळा ऐकिला आहे, आणि कबूल करतो की एके काळी मीही तो केलेला आहे. यात क्रमाची चूक आहे. भिंतीशी निजून दारू सोडणे, दर रात्री चार वेळा हाकलले जात असता मानसोपचाराच्या गोळ्या वेळेवर घेणे, आंघोळीस जागा नसता कामावर वेळेवर जाणे, हे ज्यास साधेल तो मनुष्य तुमच्या आमच्याहून कितीतरी दृढनिश्चयी म्हटला पाहिजे. न्यूयॉर्क शहरात सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1992 साली हा क्रम उलटा करून पाहिला. आधी खोली, आणि तीही विनाअट. उपचार मागाहून, मनुष्यास पटेल तसे. यावर पुष्कळ टीका झाली. पुढे कॅनडाने 2009 पासून 2013 पर्यंत आपल्या पाच शहरांत दोन हजारांहून अधिक मनोरुग्ण बेघरांवर याची रीतसर परीक्षा घेतली. काहींस आधी घर दिले, काहींस नेहमीच्या सोयींवर सोडिले. परीक्षेच्या शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या वर्गापैकी शेकडा 62 लोक सर्व काळ घरात राहिलेले आढळले. दुसऱ्या वर्गापैकी शेकडा 31. सर्वच टिकले असे नाही. परंतु ‘यांना दिलेले टिकत नाही’ हा सिद्धांत मात्र टिकला नाही.

फिनलंड देशाचे उदाहरण यासाठीच अनेकदा देतात, आणि त्यातील पैशाची बाजू आपल्या विश्वस्तांनी विशेष पाहण्यासारखी आहे. तेथे 1985 साली एक प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याने आश्रम बांधिले नाहीत. शहरातील साध्यासुध्या इमारतींतून एकेक फ्लॅट विकत घेऊन ते बेघरांस रीतसर भाड्याने दिले, आणि हे काम चाळीस वर्षे सोडिले नाही. 2008 पासून सरकारने कायमच्या बेघरांसाठी कार्यक्रम आखिला, तेव्हा घरे हाताशी होती. तेथे 1980 नंतरच्या दशकात पंधरा हजारांहून अधिक लोक बेघर होते. 2023 च्या अखेरीस 3,429 राहिले. (पुढच्या वर्षी सरकारने हात आखडता घेताच आकडा पुन्हा वर गेला, तेही येथे सांगितले पाहिजे.) घरे घेण्यास लागलेला पैसा बऱ्याच अंशी कोठून आला? जुगाराच्या यंत्रांच्या उत्पन्नातून. त्यांचा जुगाराचा पैसा घरात गेला, आणि आपला पुण्याचा पैसा फुटपाथवर राहिला.

केवळ प्रतिष्ठानांच्या जोरावर सर्व काही होईल, असे मात्र मी म्हणत नाही. हॉटेले बांधून धनाढ्य झालेल्या कॉनराड हिल्टनने 1944 साली स्थापिलेल्या प्रतिष्ठानाने लॉस एंजेलिस परगण्यातील कायमच्या बेघरांसाठी बरीच वर्षे द्रव्य वेचिले आहे. ज्याने रात्रीच्या खोल्या विकल्या त्याच्या धनाने खोली नसलेल्यांची काळजी घ्यावी, हा योग मोठा उचित होता. तरी त्या परगण्यात 2024 च्या गणतीत 75 हजारांवर लोक बेघर आढळले. जेथे भाडी दानाहून जलद वाढतात तेथे दान मागे पडणारच. परंतु कोल्हापूर म्हणजे लॉस एंजेलिस नव्हे. 2011 च्या खानेसुमारीत सबंध महाराष्ट्रात बेघर म्हणून नोंदलेले लोक सुमारे 2 लाख 11 हजार, म्हणजे दर दहा हजारी एकोणीस होते. एका रात्रीत केलेल्या गणतीतून पुष्कळ सुटले असतील, दुप्पट धरा. त्यांतून हंगामी मजूर वगळा, कारण त्यांचा प्रश्न निराळा. मग जो आकडा उरतो तो पाहून हात टेकण्याचे कारण नाही. आपल्यासारख्या शहरात तो एका मध्यम शाळेच्या पटाएवढाही क्वचितच भरेल. इतक्या लोकांस आपण नावाने ओळखू शकतो. प्रश्न अफाट आहे, असे म्हणून जी सुटका मिळते ती आपणांस उपलब्ध नाही.

आपल्याकडे हे काम झालेले नाही असेही नाही. चेन्नईत 1993 साली निघालेल्या ‘द बॅनियन’ संस्थेने रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी आधी आश्रय उभारला, आणि पुढे अनुभवाने शहाणे होऊन चार-पाच जणींस साध्या वस्तीत साधे घर भाड्याने घेऊन देण्याचा मार्ग धरिला. तो आता महाराष्ट्रापर्यंत आला आहे. डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था 1988 पासून रस्त्यावरील मनोरुग्णांस उचलून, बरे करून, त्यांच्या गावी पोहोचवीत आली. अहिल्यानगरजवळ शिंगवे येथे धामणे दांपत्याची माऊली संस्था अशा स्त्रियांस कायमचे घर देते. या सर्वांचे हिशेब पाहिले तर एक गोष्ट सारखीच दिसेल. खर्च विटांवर थोडा आणि माणसांवर फार. भाडे, औषध, किराणा, आणि दर दोन दिवसांनी दार ठोठावून ‘गोळी घेतली का’ असे विचारणाऱ्या माणसाचा पगार. हा खर्च दरमहा येतो आणि कधी संपत नाही.

येथेच आमच्या विश्वस्तांची अडचण होते. पगारावर संगमरवरी पाटी लावता येत नाही. घरभाड्याचे उद्घाटन करता येत नाही. एखाद्या बाईने या महिन्यातही गोळ्या घेतल्या, याचे छायाचित्र निघत नाही. म्हणून प्रतिष्ठाने रुग्णवाहिका देतात आणि चालकाचा पगार देत नाहीत. सभागृह देतात आणि दिव्याचे बिल देत नाहीत. संस्थेच्या अर्जात ‘वेतन’ या रकान्यासमोर आकडा दिसला की तो व्यवस्थापनावरचा वायफळ खर्च असा शेरा पडतो. अहो, या कामात वेतन हेच काम आहे! शाळेस देणगी देताना शिक्षकांचा पगार वगळून फक्त फळ्यांचे पैसे देऊ, असे कोणी म्हणाले तर आपण त्यास हसू.

आणि हे आपण कोल्हापुरात बोलतो आहो, हे विशेष लज्जास्पद आहे. त्या पौषाच्या रात्री आमची ब्लँकेटांची गाडी दसरा चौकातून गेली. तेथे मुस्लिम बोर्डिंगची इमारत उभी आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून आरंभ केला. त्याच वर्षी जैनांचे, 1906 साली मुसलमानांचे, 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहे या शहरात निघाली. खेड्यातील कुणब्याच्या पोरास विद्या का येत नाही, या प्रश्नावर त्या काळच्या पंडितांपाशी उत्तरे पुष्कळ होती. त्यास बुद्धी नाही, त्यास चिकाटी नाही, त्याच्या घरी संस्कार नाहीत. महाराजांनी ओळखिले की त्यास शहरात राहावयास जागा नाही. आधी राहण्याची सोय, मग विद्या. न्यूयॉर्कने 1992 साली जो क्रम शोधिला तो करवीरने एक्याण्णव वर्षे आधी आचरिला होता. वसतिगृह काढून महाराज थांबले नाहीत. जागा दिल्या, इमारतींना साह्य केले, आणि त्याबरोबर वर्षानुवर्षे येत राहील अशा उत्पन्नाची तजवीज करून दिली. या शहरास वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्या तजविजीच्या बळावर. तीन वर्षांपुरते अनुदान देऊन महाराजांनी ‘पुढे स्वावलंबी व्हा’ असे सांगितले असते, तर आज दसरा चौकात काय उरले असते याची कल्पना करावी.

कंपन्यांना कायम ठेव करता येत नाही हे वर आलेच आहे. म्हणून हा भार जुन्या न्यासांनी उचलिला पाहिजे. देवस्थाने, साखर कारखान्यांभोवतीची प्रतिष्ठाने, व्यापारी कुटुंबांचे ट्रस्ट, यांस ती मनाई नाही. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे तीन हजारांहून अधिक मंदिरे व हजारो एकर जमीन आहे. देवाची जमीन देवळाच्या दारात निजणाऱ्यांच्या कामी यावी, या विचारात अधर्म कोणता? देवस्थानांनी रुग्णांस मदत करण्याचा प्रघात मुंबईपासून शिर्डीपर्यंत पडलाच आहे. औषधासाठी धनादेश देता येतो, तर भाड्यासाठी का देता येऊ नये?

हिशेब करून पाहू. हा अदमास माझा आहे, जाणत्यांनी दुरुस्त करावा. दहा खोल्या, प्रत्येकीत दोघे. खोलीस दरमहा पाच हजार भाडे धरिले तर पन्नास हजार. दोन पूर्णवेळ कार्यकर्ते, प्रत्येकी वीस हजार, चाळीस हजार. वीस जणांचे जेवण व औषध, माणशी तीन हजार, साठ हजार. एकूण महिन्यास दीड लाख, वर्षास अठरा लाख. शेकडा सात व्याजाने अठरा लाख यावयास सुमारे दोन कोटी सत्तावन्न लाखांची ठेव लागेल. भाडी वाढत जाणार म्हणून साडेतीन कोटी म्हणा. वीस माणसे कायमची रस्त्यावरून उठली. त्यांतील एखादा वारला की त्याची जागा एकविसाव्यास मिळेल. साडेतीन कोटी ही रक्कम लहान नव्हे. परंतु एखादे बऱ्यापैकी मंगल कार्यालय याहून स्वस्तात होत नाही, आणि मंगल कार्यालये बांधताना आपण हात टेकल्याचे ऐकिवात नाही.

तरीही या हिशेबात एक भोक आहे, आणि ते विश्वस्तांनी नव्हे, आपण पाडिले आहे. दहा खोल्या देणार कोण?

मागील फाल्गुनात एका निवाऱ्यातील कार्यकर्त्या बाई आमच्या घरी आल्या होत्या. आमच्या मागच्या अंगास एक खोली आहे. भाडेकरू गेल्यापासून दोन वर्षे तिला कुलूप आहे. बाईंना ती दोन स्त्रियांसाठी हवी होती. दोघी बऱ्या झालेल्या, औषधे चालू, एक जण खानावळीत पोळ्या लाटण्यास जाते. भाडे संस्था भरणार, करार लेखी. रात्री घरात बोलणे झाले. शेजारी काय म्हणतील, असे सौभाग्यवतींचे म्हणणे पडले. चिरंजीव म्हणाले, “बाबा, उद्या घर विकायचं झालं तर?” मी दुसऱ्या दिवशी बाईंना विचारिले, “भाड्याचा पैसा किती काळाचा आहे?” त्या म्हणाल्या, “अकरा महिन्यांचा मंजूर आहे, सर. पुढचं अजून ठरलेलं नाही.” हे ऐकून मला, खरे सांगावयाचे तर, हायसे वाटले. नकार देण्यास एक सभ्य कारण मिळाले. “पुढचे ठरले की कळवा,” असे मी म्हणालो. दात्याने अकरा महिन्यांचे दान केले म्हणून मालकास बारावा महिना दिसू लागला. आणि मालक कचरतो म्हणून दात्यास वाटते की या कामास पुढे काही नाही. या दोघा सज्जनांच्या मधल्या जागेत त्या दोन बायका उभ्या होत्या.

परवा मी त्या बाईंना फोन केला. दोघींपैकी एकीस दुसरीकडे खोली मिळाली आहे. दुसरीविषयी विचारिले तेव्हा त्या थोड्या थांबून म्हणाल्या, “त्या पुन्हा स्टँडवर गेल्या, सर. अधूनमधून दिसतात.”

आमच्या विश्वस्त मित्रांच्या संस्थेची वार्षिक सभा आषाढात आहे. यंदा ब्लँकेटांसाठी ठेविलेली रक्कम आणि शिलकेतील काही भाग मिळून चार खोल्यांच्या दहा वर्षांच्या भाड्याची व एका कार्यकर्त्याच्या दहा वर्षांच्या वेतनाची तरतूद करावी, असा ठराव मी लिहून त्यांच्याकडे दिला आहे. चारांपैकी एका खोलीचा पत्ता ठरावात लिहिला आहे. तो आमच्या घरचा आहे, आणि घरात हे अद्याप सर्वांस पटलेले नाही.